गगनबावड्याची पहाट आणि चालू न होणारी डिझेल

जानेवारीतला दुसरा शनिवार. दाजी म्हणाले, एक रात्र गगनबावड्यात काढू, सकाळी गगनगड करू आणि येताना पळसंब्याची लेणी बघू. कोल्हापुरातून अंतर ५५ किलोमीटर. एवढ्याला तयारी ती काय करायची, म्हणून केली नाही.

गाडी माझीच. २००४ ची छोटी डिझेल, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, पंप जुन्या पद्धतीचा. घरी तिला म्हैस म्हणतात, कारण थोपटल्याशिवाय पान्हा सोडत नाही.

दुपारी चारला रंकाळ्यावरून निघालो. फुलेवाडी, बालिंगा, मग कळे. कळ्यात चहा घ्या आणि टाकीही इकडेच भरून घ्या, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अख्खा रस्ता धरून चाललेले असतात, आणि कित्येकांच्या मागे दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. अंधार पडल्यावर हा रस्ता करू नका, एवढं ऐका. असळजच्या पुढे गव्यांचीही धास्ती असते. (पावसाळ्यात येणार असाल तर आधी मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आहे का ते विचारून निघा. कुंभी वर आली की तिथला रस्ता बंद होतो.)

सहाला पोचलो. लॉजसमोरच्या उघड्या माळावर गाडी लावली, तोंड घाटाकडे. दाजींना सूर्यास्तात फोटो पाहिजे होता. रात्री कोकणातून वर येणारा वारा सरळ बोनेटवर आपटत होता आणि आम्ही आत रजईत.

सकाळी साडेसहाला मोबाईल ११ अंश दाखवत होता. काचेवर दव एवढं, की वायपर मारावा लागला. चावी फिरवली, हीटरचा (म्हणजे सेल्फ मारायच्या आधी इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगांचा) दिवा लागला, विझला. सेल्फ मारला. घर्र, घर्र, घर्र. मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. परत मारला. दाजी म्हणाले, "मार अजून, घेईल." मी मारत राहिलो. सातव्या-आठव्या वेळेला सेल्फचा आवाज जड झाला आणि मग नुसतं टक. बॅटरी उतरली.

चूक इथेच झाली. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाहीये. फिल्टर, पंप, एअर धरणं (डिझेलच्या नळीत हवा शिरणं) या शंका तिथेच बहुतेक संपल्या होत्या. अजिबात धूर नसता तर गोष्ट वेगळी. मग डिझेलच येत नाहीये असं धरून फिल्टरवरचा हातपंप मारून बघायचा.

समोर एसटी स्टँडवर एक ड्रायव्हरमामा चहा पीत हा तमाशा बघत होते. कप ठेवून आले.

"पाव्हणं, हीटर लागतोय का?"

"लागतोय की. दिवा लागून विझतोय."

"दिव्याचं मला सांगू नका. त्यो टायमरवर विझतोय. प्लग मेला असला तरी त्यो इमानदारीनं विझणार."

बावीस वर्षं डिझेल गाडी वापरून मला हे ठाऊक नव्हतं. दिवा विझला की प्लग तापला असंच मी धरून चाललो होतो. जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त रिले आणि टायमरचं सांगतो. हेडमध्ये खोवलेल्या चार प्लगांचं काय चाललंय, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि या इंजिनांना त्या प्लगांची गरज आपल्या थंडीतही असते. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबली की तापते, त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. आताच्या गाड्यांत डिझेल थेट पिस्टनवर फवारतात. जुन्या इंजिनात ते हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, आणि त्या कोठडीच्या गार भिंती दाबलेल्या हवेची ऊब पिऊन टाकतात. ती उणीव प्लगचं लालबुंद टोक भरून काढतं. चारही मेले असतील तर ११ अंश सोडा, वीस अंशांतही गाडी रडवते. आपल्याकडे कुठे थंडी, असं म्हणणारे (मीही त्यातलाच) थंडी म्हणजे डिझेल गोठणं समजतात. ते दुखणं लडाखचं. तिकडच्यासाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपलं दुखणं प्लग आणि बॅटरीचं.

मामांनी एका जीपवाल्याला हाक मारली. जंपर केबल त्याच्याकडे होती. लालला लाल, आणि काळ्याचं दुसरं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर. जीप पाच मिनिटं नुसती चालू ठेवायला लावली. मग मला म्हणाले, "आता घाई न्हाई. हीटर द्या, दिवा विझू द्या, चावी मागं घ्या. परत द्या. तीनदा. मग पाय निम्मा दाबा आणि धा सेकंद मारा. त्याच्या वर न्हाई."

पहिल्या दहा सेकंदांत काही नाही. मिनिटभर थांबलो. परत तीनदा हीटर. दुसऱ्या खेपेला सेल्फ फिरत असतानाच एक सिलिंडर बोलला. ढग. मग दोन फेऱ्या मुक्या, परत ढग. मी चावी सोडणार तोच मामा ओरडले, "सोडू नका!" दुसरा लागला, गाडी लंगडत थरथरायला लागली, आरसा हलून त्यातलं आभाळ दिसेना. तिसरा. मग चौथा लागला तसा आवाज एकसारखा झाला आणि मागे एवढा पांढरा लोट, की चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. दोन मिनिटांत धूर बसला. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

केबल मिळाली नसती तर धक्का मारला असता. जुन्या पंपाची गाडी धक्क्यावर लागते, चावी चालू आणि दुसरा गिअर. पण मेलेल्या प्लगावर धक्काही लांब लागतो, आणि टायमिंग बेल्ट जुना असेल तर तो दात सोडायची भीती. घाटाच्या उतारावर तर हा प्रयोग करूच नका. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा जड होतो. करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाटांत तेवढी चूक परवडणारी नाही. एअर फिल्टरजवळ पेटता बोळा धरायचा सल्लाही एकानं तिथे दिला. नको. स्टार्टिंग स्प्रे तर हीटर प्लगच्या गाडीत मुळीच नको. तापलेल्या प्लगवर तो नको तेव्हा भडकतो आणि पिस्टन जातो.

गगनगडावर जाऊन आलो. गाडी बंद करायची हिंमत नव्हती, म्हणून दाजी खाली गाडीतच बसले. पळसंबे राहिलं.

सोमवारी उद्यमनगरात मिस्त्रीकडे गेलो. त्यानं प्लगांवरची पट्टी काढली, बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्पची वायर एकेका प्लगच्या टोकाला लावली. एकावर लॅम्प लागला, तिघांवर नाही. म्हणजे आम्ही एका प्लगवर गगनबावड्याहून आलो होतो. हे घरी पाच मिनिटांत होतं. निघायच्या आदल्या दिवशी करा. प्लग काढायचे असतील तर मात्र इंजिन कोमट असताना आणि सवडीनं. गार इंजिनात जोर लावला की प्लग आतच मोडतो आणि हेड उतरवायची पाळी येते. चारही नवे टाकले. मजुरी धरून दोन हजारांच्या आत भागलं. फिल्टरच्या तळाचं पाणी काढलं, अर्धी वाटी निघालं. बॅटरी पाच वर्षांची होती, तीही बदलली.

आणि गाडी लावताना भिंतीच्या आडोशाला लावा, तोंड पूर्वेला. सूर्यास्ताचे फोटो चालत जाऊन काढता येतात.

परवा पहाटे रंकाळ्यावर १४ अंश होतं. एका सेल्फला लागली. दाजींना फोन लावून आवाज ऐकवला. पलीकडून आवाज आला, "झोपू दे की रं."