टनर गळतोय, पाणी मारू नका

मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे. आगीची वर्दी आली की आमचं अंग सवयीनेच चालतं. बंब पुरता थांबायच्या आत होज उलगडलेला असतो आणि ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी सोडायची तोटी, हातात असते. क्लोरीनच्या वर्दीला मात्र हीच सवय आवरावी लागते. प्रशिक्षणात ते शिकवलेलं होतं, सरावही झाला होता. पण खरा टनर, म्हणजे द्रव क्लोरीनची मोठी आडवी लोखंडी टाकी, खऱ्या वस्तीशेजारी गळताना पाहिला तेव्हा थांबणं किती अवघड असतं ते कळलं.

वर्दी पहाटे आली, जलशुद्धीकरण केंद्रातून. तिथल्या ऑपरेटरला बोलताना ठसका लागत होता. खोलीत पिवळट हिरवट धूर आहे, ब्लिचिंग पावडरचा उग्र वास येतोय, एवढं त्याने सांगितलं. आमच्या साहेबांनी त्याला पहिल्यांदा विचारलं ते हेच की वारा कुठून कुठे वाहतोय. त्या उत्तरावर आमचा रस्ता ठरला. नेहमीचा जवळचा रस्ता सोडून आम्ही टेकडीच्या बाजूने वळसा घेतला, म्हणजे वारा आमच्या पाठीवर राहील आणि आम्ही उंचावर असू. नाक्यावरची माणसं ओरडत होती, "अहो, केंद्र इकडे आहे!" त्यांना समजावायला वेळ नव्हता.

क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत सरपटत सखल भागात साचतो. केंद्राच्या खाली ओढा होता आणि ओढ्याकाठी वस्ती. केंद्रावरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, फाटून नुसती कडी उरली होती, म्हणून साहेब देवळावरच्या पताकेवरून वाऱ्याचा अंदाज घेत होते. पताका ओढ्याच्या दिशेला फडफडत होती.

पोलिसांच्या मदतीने वस्ती हलवायला घेतली. लोकांना वाऱ्याच्या दिशेने पळू दिलं नाही, वाऱ्याला आडवं चालवत चढावर नेलं. चालता न येणारी काही म्हातारी माणसं होती. त्यांना माडीवर नेऊन दारं-खिडक्या बंद केल्या, फटींत ओली फडकी कोंबली. एक मावशी शेळ्या सोडून यायला तयार होईनात. शेवटी आमच्या एका जवानाने दावी सोडून शेळ्याच पुढे हाकलल्या, मग मावशी मागोमाग निघाल्या.

टनरवरच्या पाटीवर 1017 हा आकडा होता. क्लोरीनचा हा क्रमांक जगभर एकच आहे. त्याच्यासोबतचा संकेत 2XE. 2 म्हणजे पाणी वापरायचंच तर धुक्यासारख्या फवाऱ्याने. X म्हणजे अंग पूर्ण झाकणारा रासायनिक पोशाख आणि बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधल्या हवेवर श्वास घ्यायचं उपकरण), शिवाय सांडलेलं काही गटारात जाऊ द्यायचं नाही. E म्हणजे आसपासचे लोक हलवायचा विचार करा. रस्त्यावरच्या टँकरवरही अशीच पाटी असते. ती लांबून, दुर्बिणीतून वाचायची आणि मगच पुढे जायचं ठरवायचं.

तो पूर्ण पोशाख आमच्याकडे नव्हता. बीए सेट होते, आगीत घालायचे कोट होते; क्लोरीनमध्ये शिरायला ते पुरत नाहीत. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या क्लोरीन वापरणाऱ्या एका कारखान्याचं पथक निघालं होतं. 1996 च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो, त्याच्या आराखड्यात त्या पथकाचा फोन होता. ते येईपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्यात चढावर जमलेल्या लोकांतून आरडाओरडा सुरू झाला: "बंब आणलाय कशाला? पाणी मारा की!"

त्यांचा राग मला समजत होता, म्हणून हे नीट सांगतो. गळक्या टनरवर पाणी मारलं की पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल तयार होतं. ते आम्ल गळतीच्या जागेचं लोखंड खातं आणि भोक मोठं होत जातं. शिवाय आतला द्रव क्लोरीन उणे 34 अंशाला उकळतो. त्याच्यापुढे आपलं नळाचं पाणी गरमच; ते उष्णता देतं आणि वायू जास्त जोरात सुटतो. आम्ही पाणी लावलं होतं, पण टनरपासून लांब, ओढ्याच्या बाजूला. तिथे धुक्याचा पडदा धरला होता, वस्तीकडे सरकणारा वायू थोपवून पातळ करायला. टनरवर एक थेंब पडणार नाही याची काळजी ब्रँच धरणारा घेत होता.

पथक आल्यावर कारखान्याचे एक अनुभवी तंत्रज्ञ आणि मी, असे दोघं आत जायचं ठरलं. तसेच पोशाख चढवून आणखी दोघं बाहेर तयार, आमच्यासाठी. दारापाशी फळ्यावर आमची नावं, सिलिंडरचा दाब आणि आत शिरल्याची वेळ लिहिली. पोशाखाच्या आत श्वासाच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही, घाम डोळ्यांत उतरतो आणि पुसता येत नाही. बोलणं सगळं हातांच्या खुणांनी.

गळती नेमकी कुठे, ते त्या धुरात डोळ्यांना कळत नाही. तंत्रज्ञांकडे अमोनियाच्या द्रावणाची प्लास्टिकची बाटली होती. ती दाबून नुसती वाफ टनरच्या तोंडाकडे सोडत ते पुढे सरकले. दोन्ही व्हॉल्व्हपाशी काही नाही. खालच्या फ्युजिबल प्लगपाशी वाफ पोचली आणि दाट पांढरा धूर उठला. टनरच्या दोन्ही तोंडांना असे तीन-तीन प्लग असतात. टनर तापलाच तर सत्तर अंशांच्या थोडं वर ते वितळतात, म्हणजे टनर फुटत नाही. हा प्लग वितळला नव्हता, गंजला होता. त्याच्याभोवती बर्फाचा पांढरा थर जमला होता.

प्लग खाली, म्हणजे बाहेर येत होता तो द्रव. द्रव क्लोरीनच्या एका मापापासून सुमारे साडेचारशे मापं वायू होतो, म्हणून पहिलं काम गळती बंद करणं नव्हतं. टनर रोलरवर होता हे नशीब. पहारीचा टेकू देत आम्ही दोघांनी तो हळूहळू फिरवला आणि गळका प्लग वरच्या बाजूला आणला. आता द्रव खाली राहिला आणि वरून फक्त वायू सुटत होता. फरक लगेच दिसला, धुराचा लोट बारीक झाला. तेवढं करून आम्ही बाहेर आलो. दुसऱ्या जोडीने आपत्कालीन किटमधला क्लॅम्प प्लगवर बसवून बोल्ट आवळला. पुन्हा अमोनिया फिरवला. पांढरा धूर नाही.

बाहेर आलं म्हणजे सुटलो असं नसतं. पोशाखासकट फवाऱ्याखाली उभं राहायचं, बूट घासून घ्यायचे, दुसऱ्याने पोशाख बाहेरच्या बाजूला गुंडाळत उतरवायचा. मास्क सगळ्यात शेवटी. तो आधी काढावासा खूप वाटतो. धुतलेलं पाणीसुद्धा साठवलं.

ऑपरेटरदादा तोवर ठीक वाटू लागले होते, घरी जातो म्हणत होते. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. क्लोरीन फुफ्फुसात गेला की काही तासांनी तिथे पाणी भरू शकतं, म्हणून माणूस नजरेखाली ठेवावा लागतो. रात्री त्यांना धाप लागलीच. ऑक्सिजन तयार होता, दादा बरे झाले.

टनरमधला उरलेला क्लोरीन नळीने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडून निकामी करायला बराच वेळ गेला. एक किलो क्लोरीनला साधारण सव्वा किलो कॉस्टिक लागतं. भरलेल्या टनरमध्ये 900 किलो असतो. केंद्रावर कॉस्टिकच्या मोजक्या गोण्या होत्या, त्यातल्याही काही ओल लागून दगड झालेल्या. बाकी सगळं कारखान्याने पुरवलं. मला याचा अजून संताप येतो. 2010 च्या जुलैत मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, कित्येकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतरही गंजके टनर कोपऱ्यात पडून असतात आणि त्यांच्याशेजारी माणसं रात्रपाळी करतात.

साहेबांनी अहवालात चार गोष्टी मागितल्या: केंद्रावर आपत्कालीन किट, कॉस्टिकची कायमची टाकी, नवा विंडसॉक आणि आमच्यासाठी दोन जोड पोशाख. किट आलं, विंडसॉक लागला, टाकीचं बांधकाम चालू आहे. पोशाखांची फाईल अजून लेखा विभागात आहे. दर सोमवारी मी तिथे जाऊन विचारतो.