तीन नंबरचं लेणं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, छड्या, डब्यातली वाटावाटी यांवर बाकीचे भरभरून लिहितील. मला आठवीतल्या एका सकाळबद्दल लिहायचं आहे.

इतिहासाच्या सरांनी आम्हाला नाशिकजवळच्या डोंगरातल्या पांडवलेण्यावर, म्हणजे जुन्या बौद्ध लेण्यांवर, नेलं होतं. चोवीसच्या चोवीस लेणी आम्ही पळत पळत संपवली. सरांनी सगळ्यांना तीन नंबरच्या लेण्यात परत गोळा केलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं." ओसरीच्या पुढे सहा यक्ष आहेत. जमिनीतून अर्धे वर आलेले, खांद्यावर तुळया घेतलेले, जणू सगळं लेणं त्यांनीच उचलून धरलंय. मग सरांनी भिंतीवरचा ब्राह्मी लेख दाखवला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री, हिने नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी हे लेणं भिक्खूंना दान दिलं. लेखात ती आपल्या मुलाबद्दल सांगते : 'पोरजननिविसेससमसुखदुख'. नगरातल्या लोकांचं सुखदुःख तेच ज्याचं सुखदुःख, असा. एवढा लांब शब्द ऐकून आम्ही हसलो. सर रागावले नाहीत. त्यांनी तो आमच्याकडून तीनदा म्हणून घेतला.

२००९ साली मी काम करत होतो तो कारखाना बंद पडला. पहाटे तीनला डोळे उघडायचे ते छातीवर पाटा ठेवल्यासारखे. दाढीचा ब्रश हातात घेऊन तसाच बसून राहायचो. जेवण आळणी की खारट, कळत नव्हतं. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाणं सोडलं, कारण तिथे दर दोन पावलांवर ओळखीचं माणूस भेटतं आणि विचारतं, "काय, सध्या कुठे?" आईला काही कळू नये म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघायचो. एक दिवस पाथर्डी फाट्यावर उतरलो आणि डोंगर चढलो. का, ते आजही सांगता येत नाही.

तीन नंबरच्या ओसरीत बसलो. खाली महामार्ग, पलीकडे अंबडच्या कारखान्यांच्या शेडची छपरं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि एका यक्षाच्या खांद्याकडे बघत राहिलो. दगड तिथे झिजून गुळगुळीत झालाय. दुपार कधी झाली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग रोजच.

जुलै होता. पावसाळ्यात भिक्खू फिरत नसत, तीन महिने एका जागी थांबत, त्याला वर्षावास म्हणतात, हेही सरांनीच सांगितलेलं. त्या शब्दाने मला फार धीर दिला. तोवर मी स्वतःला संपलेला माणूस समजत होतो. पाऊस आहे म्हणून थांबलोय, असं मनाशी म्हणता येऊ लागलं.

आणि एका दुपारी तो लांबलचक शब्द आपोआप तोंडात आला. समसुखदुख. घरी जाऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो, मला ठाऊक होतं. तुमच्या चपलांना रोज डोंगराची माती असायची. तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते." दोन दिवसांनी तीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण यायला काही आठवडे जातील, मधे सोडायचं नाही, आणि डोंगर चढताय तेही चालू ठेवा. नुसत्या लेण्याने मी बरा झालो असा कुणी कृपा करून अर्थ काढू नये. लेण्याने मला बोलण्याइतकी ताकद दिली, पुढचं काम उपचारांनी केलं. २०२२पासून तर सरकारची टेली मानस सेवा आहे. १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. तेव्हा असं काही असतं तर मी निदान दोन महिने आधी बोललो असतो.

ऑगस्टअखेर त्याच ओसरीत डबा उघडला आणि मेथीच्या भाजीत लसूण जास्त झालाय हे कळलं. कितीतरी महिन्यांनी चव लागली होती. घास हातात धरून मी रडलो.

सरांना हे सांगायचं राहून गेलं. ते त्याआधीच गेले होते.

आठवीची ती फेरी आता होत नाही असं ऐकतो. ती परत सुरू करावी, एवढीच शाळेला विनंती आहे. मुलांना घेऊन मी स्वतः येईन. ओसरीत दहा मिनिटं गप्प बसवायचं काम तेवढं माझ्याकडे द्या.