व्हेनिसला किती दिवस ठेवू?

वर्षातून चार-पाच जण तरी मला हा प्रश्न विचारतात. कधी ऑफिसातलं कुणी, कधी आईच्या भिशीतल्या मावशी. इटलीचा आठ-नऊ दिवसांचा आराखडा त्यांच्या हातात तयार असतो. रोम ठरलेलं असतं, फ्लॉरेन्स ठरलेलं असतं आणि व्हेनिसच्या पुढे प्रश्नचिन्ह. "अर्ध्या दिवसात होतं म्हणे, खरंय का?"

मी आधी उलट विचारते, कोण कोण चाललंय? त्यांचे गुडघे कसे आहेत? शाकाहारी कोण? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथलं काय बघायची मनापासून ओढ आहे? पुष्कळांना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण या चार गोष्टी कळल्याशिवाय किती दिवस ते मला खरंच सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सगळं सांगते.

व्हेनिस मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा एका टूरबरोबर. मुक्काम खाडीपलीकडे मुख्य भूमीवर, सकाळी बोटीनं सान मार्को या मुख्य चौकात, काचकारखान्याची फेरी, जेवण आणि दुपारी चारला परत. त्यातलं आठवतं ते ऊन, गाइडच्या हातातली छत्री आणि स्वच्छतागृहासमोरची रांग. दुसऱ्यांदा गेले ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, आईला घेऊन, चार रात्रींसाठी. मी सांगते ते सगळं या दुसऱ्या खेपेचं.

आईनं ठाण्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. तिला व्हेनिसमध्ये पूल बघायचे नव्हते, गोंडोलाही नको होता. तिला निकोलाव मनुची हवा होता. १६३८ मध्ये व्हेनिसमध्ये जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात घरातून निघाला तो थेट हिंदुस्थानात पोचला. दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, पुढे मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत आला. १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहाच्या दिवसांत, त्या छावणीत आपण शिवाजी महाराजांना भेटलो, असं त्यानं लिहून ठेवलंय. मिर्झाराजांबरोबर पत्ते खेळत बसलो असताना महाराज तंबूत आले, आणि मग युरोपातल्या राजांबद्दल आमचं बोलणं झालं, असं तो सांगतो. त्याच्या लिखाणात अतिशयोक्ती पुष्कळ आहे, हे आई वर्गात मुलांनाही सांगायची. पण पुरंदर शिकवताना दरवर्षी तिच्या मनात यायचं, हा मुलगा ज्या गल्लीतून निघाला ती गल्ली असेल कशी?

आमची सगळी सहल या एका प्रश्नातून आखली गेली.

पहिलं ठरवायचं ते मुक्कामाचं. मेस्त्रेला, म्हणजे मुख्य भूमीवर, खोल्या स्वस्त मिळतात आणि आगगाडीनं दहा मिनिटांत बेटावर येता येतं. तरीही माझं ठाम मत आहे की निदान दोन रात्री बेटावरच राहावं. दिवसाच्या पाहुण्यांची गर्दी संध्याकाळी ओसरते, आणि मग भिंतींवर आपटणारं पाणी ऐकू येतं. या शहरात आता पन्नास हजारांहूनही कमी माणसं राहतात. १९५१ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. घरंच्या घरं पर्यटकांना भाड्यानं दिली जाऊ लागली, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून आम्ही फ्लॅट न घेता छोट्या हॉटेलात उतरलो. तुम्हीही जमलं तर तसंच करा. एप्रिल २०२४ पासून वर्षातल्या काही ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. मुक्कामी राहणाऱ्यांना ते माफ आहे.

पण बेटावर कुठे राहायचं? इथे आईचे गुडघे आले. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. हॉटेल शोधताना मी तारे पाहिले नाहीत, न्याहारी पाहिली नाही. एकच पाहिलं, बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत मध्ये पूल येता कामा नये. सान स्ताए नावाच्या थांब्याजवळ तसं सापडलं. शहराच्या पालिकेनं पूल न चढता कुठे कुठे जाता येतं याचे नकाशेही केले आहेत. घरात वयस्कर माणूस किंवा बाबागाडीतलं मूल असेल तर ते आधी बघा. व्हापोरेत्तो म्हणजे तिथली बस, फक्त पाण्यावरची. तिची १ नंबरची लाइन मोठ्या कालव्यावरच्या जवळजवळ प्रत्येक थांब्याला लागते. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, त्यामुळे तीन दिवसांचा पासच परवडतो. बोटीच्या धक्क्याच्या उतारावर जरा सांभाळायचं, बाकी चढउतार नाही. आईला ही लाइन इतकी आवडली की एका संध्याकाळी आम्ही कुठेही न उतरता शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तशाच परत आलो.

पत्त्याचं एक सांगून ठेवते. व्हेनिसचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या भागाचे मिळून सलग असतात. हॉटेलच्या कागदावर फक्त 'सांता क्रोचे' आणि एक चार आकडी नंबर होता. मी हबकले, आई मात्र शांत. तिचं माहेर पुण्याचं, सदाशिव पेठेतलं. "आमचा पत्ता असाच असायचा की. पेठ आणि घर नंबर. पोस्टमनला सगळं ठाऊक." तुम्ही मात्र हॉटेलकडून गल्लीचं नाव आणि जवळचा थांबा आधी मागून घ्या.

पहिल्याच संध्याकाळी माझी चूक झाली. आईला मार्को पोलोचं घर होतं ती जागा बघायची होती, कारण त्याच्या वृत्तांतात ठाण्याचं नाव 'ताना' म्हणून येतं. तिथला राजा चाच्यांशी संगनमत करतो आणि लुटीतले घोडे आपण घेतो, असंही त्यात आहे. ते घर आज नाही, पण रिआल्तो पुलाच्या पलीकडच्या एका लहान चौकाला त्याच्या टोपणनावावरून पडलेलं नाव आहे, कोर्ते देल मिलिऑन. फोनवर ते अगदी जवळ दिसत होतं. फोनला पुलाच्या पायऱ्या कळत नाहीत. त्यात एक वळण चुकलं, मग आणखी एक. अंधार पडला, आईचा चेहरा उतरला, आणि एका कांपोत विहिरीच्या दगडी ओट्यावर ती बसलीच. कांपो म्हणजे तिथला लहानसा चौक. जवळजवळ प्रत्येक कांपोच्या मधोमध असा एक दगडी कठडा दिसतो. त्या खरं तर विहिरी नाहीत, पावसाच्या पाण्याच्या टाक्या आहेत. खाली चिकणमातीचं अस्तर, त्यावर वाळू, त्या वाळूतून पाझरून पाणी मधल्या हौदात साठायचं. चहूबाजूंनी पाणी असलेलं हे शहर १८८४ मध्ये नळ येईपर्यंत पावसाचं पाणी प्यायलं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपले कात्रजचे हौदच. फक्त तिथे पाणी डोंगरातून यायचं." मग पाच मिनिटांनी, "चल, आता येईल मला." मिलिऑनचा चौक आम्हाला सापडला. पण दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम केला. दिवसाला एकच मुख्य ठिकाण, आणि ते बोटीच्या थांब्यापासून विनापुलाचं.

सोमवारी सान मार्को. व्हाल्लारेस्सोच्या थांब्यावरून चौकात पोचायला एकही पूल लागत नाही. ज्या तिकिटावर लोक डॉजेचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा बघतात, त्याच तिकिटात कोर्रेर संग्रहालय आणि मार्चियाना ग्रंथालयाची जुनी दालनं येतात. बहुतेक जण राजवाडा बघून निघून जातात. आम्ही उलट केलं, ग्रंथालय आधी. मनुचीनं आपल्या हस्तलिखिताचा एक भाग व्हेनिसच्या सिनेटला पाठवला होता आणि तो या ग्रंथालयात आहे. तो स्वतः कधी परतला नाही, म्हातारपणी मद्रासकडेच राहिला. घर सोडलेल्या माणसानं एवढ्या वर्षांनी आपलं लिखाण आपल्या गावाला पाठवावं, याचं आईला फार वाटलं. हस्तलिखित अर्थातच काचेत मांडलेलं नव्हतं. पण फ्रा माउरो या साधूनं १४५० च्या सुमारास केलेला जगाचा नकाशा आम्ही बघितला. त्यात दक्षिण वर आहे. आईनं आयुष्यभर फळ्यावर उत्तर वर काढली, आणि इथे हिंदुस्थान वरच्या अंगाला. ती त्या नकाशासमोर पाऊण तास उभी होती, गुडघ्यांसकट. राजवाडा आम्ही बघितलाच नाही. मला त्याची अजिबात हळहळ नाही.

नोव्हेंबर का निवडला, हेही पुष्कळ जण विचारतात. थंडी असते, धुकं असतं आणि भरतीचं पाणी चौकात येऊ शकतं. २०१९ च्या नोव्हेंबरात भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती (ही भरतीच्या मापाची पातळी, चौकातल्या पाण्याची खोली नव्हे). २०२० पासून खाडीच्या समुद्राकडच्या तिन्ही तोंडांवर मोसे नावाच्या पूर अडवणाऱ्या यंत्रणेचे दरवाजे उचलले जातात, त्यामुळे मोठा पूर आता अडतो. पण सान मार्को सखल असल्यानं तिथे थोडं पाणी येऊ शकतं. भरतीचा अंदाज रोज बघायचा आणि चौकाचा दिवस त्याप्रमाणे हलवायचा, एवढंच. आम्ही मात्र नोव्हेंबर निवडला तो २१ तारखेसाठी.

१६३० च्या प्लेगमध्ये या शहरातला साधारण प्रत्येक तिसरा माणूस गेला. सिनेटनं नवस बोलला की साथ हटली तर मेरीचं मोठं देऊळ बांधू. तेच सांता मारिया देल्ला सालुते, आरोग्याची माता. शहर तो नवस अजून दरवर्षी २१ नोव्हेंबरला फेडतं. मोठ्या कालव्यावर त्या दिवसांपुरता तात्पुरता पूल टाकतात, लोक हातात मेणबत्त्या घेऊन येतात, बाहेर फुगेवाले, गोड तळणीचे स्टॉल, कडेवरची पोरं. खरीखुरी जत्रा. आम्ही पुलावरून न जाता बोटीनं गेलो, थांबा चर्चच्या समोरच आहे. पायऱ्या होत्या, पण आईनं त्या चढायच्या हे मुंबईतच ठरवलं होतं. रांगेत पुढे एक आजी होत्या. भाषा कळत नसताना त्या दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, हातवाऱ्यांनी. आईनं मेणबत्ती दिली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

बुधवारी रिआल्तोचा बाजार. मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो, हे ध्यानात ठेवा. आम्ही मासे खात नाही, तरी गेलो, कारण तिथल्या एका गल्लीचं नाव आहे रूगा देई स्पेत्सिएरी, मसालेवाल्यांची गल्ली. मलबारचं मिरं अलेक्झांड्रियामार्गे इथे यायचं आणि इथून युरोपभर जायचं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. पुढे पोर्तुगीज समुद्रमार्गानं थेट मसाले आणू लागल्याच्या बातम्या इथे आल्या, तेव्हा हा व्यापार हातचा जाणार म्हणून जिरोलामो प्रिउली नावाच्या सावकारानं आपल्या रोजनिशीत मोठा आकांत केला. पुढे चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचाच व्यापारी गोवा आणि चौलला येऊन गेला. चौल म्हणजे आपल्या अलिबागजवळचं गाव. त्या गल्लीत उभं राहून अलिबागची आठवण येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. दुपारी सान स्ताएजवळच्या मोचेनिगो वाड्यात गेलो. तिथे अत्तरांचं संग्रहालय आहे, मसाल्यांचे वास घेता येतात. आईनं डोळे मिटून दोन ओळखले.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर दिसण्यावर जाऊ नका. बिगोली इन साल्सा नुसत्या कांद्याची शेवई वाटते, पण त्यात खारवलेली मासळी असते. रिसोत्तोचं, म्हणजे तिथल्या मऊ भाताचं, पाणीही मांसाचं किंवा माशांचं असू शकतं. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा आच्चूगे", म्हणजे मांस नको, मासे नकोत, अँचोव्ही ही बारकी मासळी नको, हे तीन शब्दप्रयोग पाठ करा. पोलेंता (मक्याच्या पिठाचा सांजा), भाजलेला त्रेव्हीझोचा रादिक्यो (कडसर लाल पालेभाजी) आणि आटिचोक यांवर आईचं छान निभावलं. नळाचं पाणी चौकाचौकांत फुकट मिळतं आणि पिण्याजोगं आहे, बाटली बरोबर ठेवा.

गोंडोलाचा दर पालिकेनं ठरवलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, आणि तो नावेमागे, माणसामागे नव्हे. हौस असेल तर जरूर बसा. मुरानो-बुरानो या जवळच्या बेटांवर आम्ही गेलो नाही. तुमच्याबरोबर चित्र काढणारी मुलगी असेल, तर मी बुरानोची रंगीत घरं आधी लिहून देईन आणि ग्रंथालय गाळून टाकीन. स्थापत्य शिकणारा भाचा असेल, तर समोरच्या सान जॉर्जो बेटावरच्या घंटाघरावर पाठवीन. तिथे लिफ्ट आहे आणि सगळं व्हेनिस खाली दिसतं.

परत आल्यावर आईनं मार्चियाना ग्रंथालयाला लिहायच्या पत्राचा मसुदा केला आहे, मनुचीचं हस्तलिखित बघू द्याल का म्हणून. निवृत्त शिक्षिका एवढीच ओळख लिहिलीय. इंग्रजी मी तपासून दिलं. इटालियन प्रत कुणाकडून तरी करून घ्यायची राहिली आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा.