तुम्ही विचारलंत म्हणून: कुरआन कोणत्या वेळी वाचावा?

"असरनंतर कुरआन वाचलेला चालतो का?" हा प्रश्न (असर म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज) वर्षभर येतो, रमजानमध्ये तर रोज. त्याच्यामागे आणखी दोन-तीन उभे असतातच. सूर्य उगवताना मुसहफ (कुरआनची प्रत) मिटून ठेवायचा का? झवालच्या वेळी, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना, काय करायचं? मध्यरात्री वाचलं तर? आधी सरळ उत्तर देतो. चालतो. चोवीस तासांत अशी एकही घटका नाही, जिच्यात कुरआनची तिलावत, म्हणजे वाचन, मना आहे.

मग हा समज आला कुठून? नमाजवरून. हजरत उक्बा बिन आमिर यांची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे: सूर्य उगवत असताना, तो डोक्यावर असताना आणि मावळत असताना, अशा तीन वेळी नमाज पढायला पैगंबर ﷺ मना करत. त्याशिवाय फजरच्या (पहाटेच्या) फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजनंतर सूर्य वर येईपर्यंत आणि असरच्या फर्जनंतर मगरीबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज नाही. घराघरांत "असरनंतर नफल नाही" हे ऐकलेलं असतं, आणि पुढे ते "असरनंतर काहीच नाही" असं होऊन बसतं. त्या मनाईचं कारणही हदीसमध्येच आलं आहे. सूर्याची पूजा करणारे त्या वेळी त्याच्यापुढे माथा टेकतात, त्यांच्याशी साम्य नको. म्हणजे मनाई माथा टेकण्याला आहे. तिलावतीत माथा टेकणं नाही, म्हणून ती मनाई तिलावतीला लागत नाही.

हनफी (सुन्नी मुसलमानांचा एक पंथ) उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, एक बारकावा सांगितला आहे, तो मात्र लक्षात ठेवावा. या तीन वेळांत तिलावतीपेक्षा दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), तस्बीह (अल्लाहचा नामजप), दुआ जास्त चांगली. "जास्त चांगली" एवढंच. वाचणाऱ्याला गुन्हा नाही. फजरनंतर वाचायला बसलात आणि पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) संपता संपता सूर्य उगवला, तर मधेच उठून जायचं काही कारण नाही.

या वेळा असतात तरी किती? मशिदीतल्या वेळापत्रकात तुलू (सूर्योदय) लिहिलेला असतो, त्यापुढची 15 ते 20 मिनिटं, म्हणजे इशराकच्या नमाजची वेळ होईपर्यंत. मावळतीआधी साधारण तेवढीच. दुपारची वेळ काही मिनिटांची. पण वेळापत्रक आपल्याच गावचं हवं. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:22 च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:53 च्या आसपास. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे हे सगळं मुंबईच्या सुमारे 25 मिनिटं आधी घडतं. मुंबईचं कॅलेंडर नागपुरात लावलं तर झवालपासून मगरीबपर्यंत सगळंच चुकणार.

आता गंमत अशी की माथा टेकणं तिलावतीत एका जागी येतंच: सजद्याची आयत, म्हणजे जी ओळ वाचली की सजदा (जमिनीवर माथा टेकणं) करायचा असतो ती. खरी वेळ पाहायची ती इथे. हनफी मताने हा सजदा वाजिब (आवश्यक) आहे. आयत आधी वाचली असेल तर त्या तीन वेळांत सजदा करू नये. नेमकी त्याच वेळी वाचली तर सजदा होतो, पण थोडं थांबून केलेला बरा. नमाजबाहेर वाचताना तो पुढे ढकलता येतो, विसरू मात्र नये. असरनंतर ऊन पिवळं पडेपर्यंत आणि फजरनंतर सूर्य उगवेपर्यंत सजदा बिनदिक्कत करावा. तिथे मनाई नफलची आहे, याची नाही. रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, या दुसऱ्या पंथाचे. त्यांच्याकडे हा सजदा सुन्नत (पैगंबरांची रीत, सक्तीची नाही) आहे, आणि त्याला आयत वाचल्याचं कारण असल्यामुळे या वेळांतही तो होतो.

दोन्हीकडे सजदे 14 च, पण यादी तंतोतंत एक नाही. सतराव्या पाऱ्यात सूरह (अध्याय) हजच्या शेवटाकडे आपल्याकडच्या छापील मुसहफात समासात बारीक अक्षरांत "अस्सजदतु इन्दश्शाफई" असं लिहिलेलं दिसेल. तो सजदा शाफईंचा. हनफी वाचक तिथून पुढे जातो. तेविसाव्या पाऱ्यात सूरह सादमध्ये उलट, तिथे हनफी सजदा करतो. करायची रीत साधी: वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) असावा, किबल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड, "अल्लाहु अकबर" म्हणत एक सजदा, त्यात तीनदा "सुब्हान रब्बियल आला", आणि "अल्लाहु अकबर" म्हणत वर. हनफी पद्धतीत इथे सलाम फिरवायचा नाही. हिफ्ज (कुरआन पाठ) करणारं मूल एकाच बैठकीत तीच आयत वीस वेळा घोकत असेल तर हनफी मताने सजदा एकच.

चालणारी वेळ झाली. आता उत्तम वेळ.

13व्या शतकातले दमिश्कचे इमाम नववी यांनी कुरआन वाचणाऱ्याच्या अदबींवर स्वतंत्र किताब लिहिली. त्यांनी लावलेला क्रम आजही तसाच उपयोगी आहे. सगळ्यांत वर नमाजमधली तिलावत. नमाजबाहेर रात्रीची, आणि रात्रीतही मागचा अर्धा भाग पुढच्यापेक्षा चांगला. मगरीब ते इशा (रात्रीची नमाज) पसंतीची. दिवसा सर्वांत चांगली फजरनंतरची. आणि याच जागी ते स्पष्ट सांगतात की कोणत्याही वेळी वाचण्यात कराहत (नापसंती) नाही.

रात्रीला हा मान खुद्द कुरआनने दिला आहे. सूरह मुज्जम्मिलमध्ये "कुरआन ठहरून ठहरून वाचा" असा हुकूम रात्रीच्याच संदर्भात येतो, आणि दोनच आयतींनंतर रात्रीचं उठणं मनाला जास्त भिडतं आणि तेव्हा शब्द नीट उमटतो, असा खुलासा येतो. फजरबद्दल सूरह बनी इस्राईलमध्ये (17:78) आहे की पहाटेच्या कुरआनला हजेरी असते, फरिश्त्यांची.

रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा कसा काढायचा, हे पुष्कळजण विचारतात. मध्यरात्र बारालाच धरली की इथे चूक होते. रात्र मगरीबला सुरू होते आणि सुब्हे सादिकला (पहाट फुटते तेव्हा) संपते. समजा मगरीब 6:15 ला आणि सुब्हे सादिक 5:57 ला आहे. रात्र झाली 11 तास 42 मिनिटांची, तिचा तिसरा हिस्सा 3 तास 54 मिनिटं. 5:57 मधून तेवढे वजा केले की 2:03. त्यानंतर कधीही उठा. फजरच्या वीस मिनिटं आधी उठलेला माणूसही त्याच हिश्श्यात आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्याला रोजचं काम आहे, त्याने फजरनंतरची वेळ धरावी. वुजू असतोच, पोट हलकं असतं, फोन अजून वाजायला लागलेला नसतो. इशानंतर वाचीन म्हणणारा पाच-सहा दिवस वाचतो, मग जेवण, थकवा आणि डुलकी यांच्यापुढे हरतो. डुलकी लागली तर वाचत राहू नये, ही तर हदीसच आहे: रात्री उठलेल्याची जीभ कुरआनवर अडखळू लागली, आपण काय म्हणतोय हे त्याला कळेनासं झालं, तर त्याने आडवं व्हावं. जांभई आली तरी ती संपेपर्यंत थांबावं.

किती वाचायचं, ते वेळेशी बांधून घ्या. पंधरा ओळींच्या हाफिजी मुसहफात एक पारा साधारण 20 पानांचा. पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की रोज एक पारा आणि महिन्यात खतम. सरावलेल्याला चार पानांना सात-आठ मिनिटं पुरतात. तेरा ओळींच्या मुसहफात पारा 28 पानांच्या आसपास जातो, तिथे चार पानांचा हिशेब लावला तर महिनाअखेरीला आठ-नऊ पारे उरतात. हे दर रमजानला घडतं, आणि मग शेवटच्या तीन रात्रींत मद्द, गुन्ना असे उच्चाराचे नियम सगळे गिळून पळापळ होते. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात पूर्ण वाचणाऱ्याला ते समजलं नाही, असं हदीसमध्ये आहे.

ज्याला एवढं जमत नाही त्याने रुकू (सूरहचा छोटा भाग) धरावा. समासात ऐन अक्षर असतं आणि त्याच्याभोवती तीन आकडे. वरचा म्हणजे त्या सूरहमधला कितवा रुकू, मधला म्हणजे या रुकूत आयती किती, खालचा म्हणजे पाऱ्यातला कितवा. विषय जिथे थांबतो तिथे ही खूण येते, म्हणून पान संपलं की थांबण्यापेक्षा ऐनवर थांबलेलं बरं. रोज एक रुकू आणि त्याचा मराठी किंवा उर्दू तर्जुमा (अनुवाद), एवढंही नियमाने झालं तर ते फार मोठं काम आहे.

काही सूरहना त्यांची वेळ आहे. झोपण्याआधी सूरह मुल्क (30 आयती), आयतुल कुर्सी, आणि शेवटचे तीन कुल ("कुल" शब्दाने सुरू होणाऱ्या शेवटच्या तीन सूरह) वाचून तळहातांवर फुंकून अंगावरून हात फिरवणं. सूरह कह्फ जुम्म्याची (शुक्रवारची). जुम्मा गुरुवारच्या मगरीबपासूनच सुरू होतो हे ध्यानात घ्या, म्हणजे शुक्रवारी दुपारी घाई होणार नाही. खुत्बा (जुम्म्याचं प्रवचन) सुरू झाला की कह्फ अर्धी असली तरी मिटावी, उरलेली मगरीबपर्यंत केव्हाही वाचावी.

वाचन थांबवायला लावते ती वाचणाऱ्याची आणि जागेची अवस्था. गुस्ल (पूर्ण स्नान) वाजिब असेल तर तिलावत नाही. वुजू नसेल तर तोंडपाठ म्हणता येतं, मुसहफला हात लावता येत नाही. मोबाईलला अनेक उलेमा मुसहफ मानत नाहीत, तरी स्क्रीनवर आयती असताना वुजू असलेला चांगला. मासिक पाळीत हनफी आणि शाफई मताने तिलावत नाही, मालिकी मताने मुभा आहे. हनफी किताबांतला एक सल्ला मला फार आवडतो: त्या दिवसांत बाईने नमाजच्या वेळी वुजू करून आपल्या नेहमीच्या जागी बसून तस्बीह म्हणावी, म्हणजे वेळेची सवय मोडत नाही. अजान झाली की थांबून जवाब द्यावा. शेजारी कुणी नमाज पढत असेल, झोपलं असेल, तर आवाज आपल्या कानापुरता ठेवावा. दुकानात स्पीकरवर किरात लावून गिऱ्हाईकाशी भाव करणं टाळावंच. कुरआन वाचला जात असताना गप्प राहून ऐका, हा सूरह आराफचा (7:204) हुकूम आहे.

आणि रात्रीचं ठरलेलं वाचन झोपेत राहून गेलं तर? हजरत उमर यांच्याकडून आलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे: ज्याचा रात्रीचा हिस्सा चुकला आणि त्याने तो फजर आणि जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) दरम्यान वाचला, त्याच्या नावावर तो रात्रीच वाचल्यासारखा लिहिला जातो. तेव्हा चुकलेली पानं पुढच्या रात्रीच्या पानांवर चढवू नका. सकाळी कामाला निघण्याआधी, नाहीतर जोहरच्या आधी जी दहा मिनिटं सापडतील त्यांत वाचून टाका.