पाउच तीन रुपयांचा, बिल नव्वद हजारांचं

थालीपीठाच्या भाजणीचा ब्रँड काढायचं ठरलं तेव्हा पहिल्या ऑर्डरचा हिशोब मी वहीच्या एका पानात बसवला होता. धान्य, भाजणं-दळणं, पॅकिंग, वाहतूक. अर्ध्या किलोची १,००० पाकिटं. त्यात पाउचची ओळ होती, १,००० गुणिले ३, म्हणजे ३,००० रुपये. पानावरची सगळ्यात किरकोळ ओळ. महिनाभर मला तिनेच अडकवून ठेवलं.

तीन रुपयांचा दर प्रिंटरनेच फोनवर सांगितला होता. "ताई, छापील पाउच तीन रुपयांना पडतो, बिनधास्त धरा." मी धरला. लेखी कोटेशन मागत राहिले. "उद्या पाठवतो" म्हणता म्हणता साडेतीन आठवडे गेले. तोवर जॉब वर्कवाल्याला, म्हणजे भाजणी करून देणाऱ्या युनिटला, ॲडव्हान्स देऊन झाला होता, भट्टीची तारीखही ठरली होती. मग एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ बिल, आला. एकूण रक्कम ९०,२७० रुपये. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद चुकून माझ्याकडे आला.

फोड करून घेतली तेव्हा कळलं. पाउचची छापील प्लास्टिक फिल्म किलोवर जाते आणि कमीत कमी १५० किलो घ्यावी लागते. माझ्या मापाचे किलोला साधारण १०० पाउच बसतात. म्हणजे १५,००० पाउच, ३०० रुपये किलोने ४५,०००. नगाला खरंच तीन रुपये! पण मला हजारच हवेत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. किमान किती घ्यावे लागतील हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तो राग अजून गेलेला नाही.

वर सिलिंडर, म्हणजे छपाईचे कोरलेले रूळ. अशा रुळांवरच्या छपाईत, म्हणजे ग्रॅव्हर छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. भाजणीचा तांबूस रंग नेमका यावा म्हणून मी हट्टाने एक खास रंग घातला होता, लोगोला आणखी एक. नेहमीचे रंग धरून असे एकूण सात झाले. सात गुणिले ४,५००, म्हणजे ३१,५००. त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. तळाला बारीक अक्षरात आणखी एक ओळ: माल दहा टक्के कमी-जास्त येईल, येईल तेवढ्याचं बिल होईल.

आई म्हणाली, "पंधरा हजार पिशव्या ठेवणार कुठे गं?" मला तर वेगळीच धास्ती होती. उद्या पत्ता बदलला, जॉब वर्कवाला बदलला, तर त्या सगळ्या पिशव्या रद्दी. म्हणून कधी ग्रॅव्हरला गेलातच तर पत्ता, फूड लायसन्स नंबर, घटकपदार्थ असा बदलू शकणारा सगळा मजकूर एकट्या काळ्या रंगात ठेवा. बदल झाला तर एकच सिलिंडर नवा करावा लागतो.

शेवटी वाट दाखवली ती भाजणी करून देणाऱ्या युनिटच्या सुपरवायझर काकांनी. कपाटातून कोरा, उभा राहणारा स्टँडअप पाउच काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यावर स्टिकर लावा की." पाउच ६ रुपये, पुढचं-मागचं स्टिकर मिळून साडेतीन. नगाला तिपटीहून महाग, तरी वाया जाणारे धरून १,१०० नगांचे जीएसटीसकट १२,३३१ रुपये झाले. त्या रात्री मी शांत झोपले.

स्टिकर छापायला टाकण्याआधी पोषणमूल्यांचा लॅब रिपोर्ट हातात हवा. माझा नव्हता, त्यात आठ दिवस गेले. भाजणी करून देणाऱ्याचा आणि तुमचा, दोन्ही १४ अंकी फूड लायसन्स नंबर घाला. गहू असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत लिहा. एमआरपी, बॅच आणि तारीख पॅकिंगच्या वेळी मारायची असते, तेवढी जागा कोरी सोडा.

धान्याचा हिशोबही माझा चुकला होता. भाजताना वजन घटतं, दळताना थोडं उडतं. ५०० किलो पीठ मिळायला ५३८ किलो धान्य लागलं. आणि दुकानदारांना चवीला द्यायची पाकिटं आधीच वेगळी काढा. माझी ६४ गेली, वहीत त्यांची ओळच नव्हती.

दुसरी ऑर्डर पुढच्या महिन्यात आहे. तिलाही स्टिकरच.