गाइड रेलवर ट्रिमर: तिसऱ्या प्रयत्नात अडॅप्टर जमला

मंडळी, ट्रिमर (लाकडात खाचा पाडायचं छोटं हातयंत्र) गाइड रेलला, म्हणजे सरळ रेषेत चालवणाऱ्या लांब रुळाला, जोडणारा अडॅप्टर एकदाचा जमला. काल संध्याकाळी पुस्तकांच्या कपाटाच्या दोन्ही उभ्या फळ्यांना मिळून दहा खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेत कप्प्याची फळी अंगठ्याच्या दाबाने आत जाते आणि मग हलवून हलत नाही. फार आनंद झाला.

सामान जुनंच आहे: मकिताची १४०० मिमीची रेल आणि ६ मिमी कॉलेटचा ट्रिमर (कॉलेट म्हणजे बिट, कापणारं पातं, धरणारी पकड). मोठ्या राउटरला, म्हणजे ट्रिमरच्या थोरल्या भावाला, गाइडच्या दोन सळ्या असतात, त्यांच्यावर अडॅप्टर चढवता येतो. माझ्या ट्रिमरला तशी सोय नाही. त्यामुळे बेसखालची प्लास्टिकची प्लेट काढून आपली प्लेट लावणं आलं.

पहिला अडॅप्टर दिसायला सर्वांत सुबक होता. ६ मिमी हायलमची (राळेत दाबलेल्या थरांचा कडक पत्रा) एक लांब प्लेट, खाली दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या फटीत रेलच्या लांबीभर असलेला उंचवटा. चुकला तो उंचीचा हिशेब. रेल ५, पट्टी ६, प्लेट ६, म्हणजे बिट लाकडाला टेकायच्या आधीच १७ मिमी खर्ची पडले. १२ मिमीचा बिट लाकडात जेमतेम २ मिमी उतरला. शँक (बिटाचा दांडा) आणखी बाहेर ओढायचा मोह होतो, पण तसं करू नका. कॉलेटची पकड कमी पडली की बिट थरथरतो, निसटूही शकतो.

मग रचनाच बदलली. आता ट्रिमरची प्लेट सरळ लाकडावर बसते, रेलवर नाही. तिच्या एका कडेवर हायलमचाच ६ मिमीचा तुकडा ठेवून त्यावर रेलकडे जाणारा हात बोल्टने कसला आहे. हाताखालच्या दोन पट्ट्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी धरतात, पण रेलच्या सपाट भागाला टेकत नाहीत. रेल फक्त दिशा देते, वजन सगळं लाकडावर. खोलीतले फक्त ६ मिमी जातात आणि खाच सगळीकडे सारखी खोल येते.

या पट्ट्या आधी नायलॉनच्या होत्या. मे महिन्यात लोण्यासारख्या सरकायच्या, जुलैत अडकायला लागल्या. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. घासून सैल केल्या तर ढिल्या झाल्या: जाताना आणि परत येताना मिळून १२ च्या बिटाने १२.४ ची खाच पडली. आता बोहरी आळीच्या बाजारातून डेलरिन या टणक प्लास्टिकची पट्टी आणली आहे, ती ओलावा फारच कमी घेते. दोन्ही पट्ट्या २०० मिमी लांब ठेवल्या, कारण आखूड पट्टी तिरकी होते. एक पट्टी पक्की, दुसरीची भोकं लांबट. रेलवर बसवून दुसरी पट्टी बोटाने आत दाबायची आणि स्क्रू कसायचे. ढिलेपणा संपला.

हायलमबद्दल एक सांगतो. त्याच्या कडेत स्क्रू घालू नका, थर फाटतात. सपाट बाजूने आरपार बोल्टच घ्या. कापताना मास्क लावाच, धूळ बारीक आणि उग्र असते.

माझा १८ मिमीचा प्लाय व्हर्नियरवर (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरवर) १७.४ भरला, म्हणजे १२ च्या बिटाने एका खाचेला दोन फेऱ्या. इथे मोजमाप टाळणारी एक युक्ती फार उपयोगी पडली. त्याच बिटाने टाकाऊ तुकड्यात खाच पाडायची आणि तिच्यात घट्ट बसेल अशी पट्टी रंधून घ्यायची. रेलच्या मागे एक ठोकळा शिकंज्याने बांधायचा. रेल आणि ठोकळा यांच्यामध्ये कप्प्याच्या प्लायचा तुकडा ठेवून पहिली फेरी. मग तो काढून तिथे रंधलेली पट्टी ठेवायची, रेल मागे टेकवायची आणि दुसरी फेरी. खाच बरोबर प्लायच्या जाडीची येते. खोली ६ मिमी, ती ३-३ करून.

रेल आपल्या डाव्या हाताला ठेवा आणि ट्रिमर पुढे ढकला. बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे ट्रिमर डावीकडे, रेलकडेच ओढला जातो.

दोन कामं राहिली आहेत. फळीच्या टोकाला प्लेट अधांतरी होते, म्हणून दोन्ही टोकांना त्याच जाडीचे तुकडे लावावे लागतात, त्यांची कायमची सोय करायची आहे. आणि भुसा प्लेटखाली शिरला की ती उचलली जाते. चौथ्या खाचेत मध्येच अर्धा मिमी उथळ भाग आला तो यामुळेच, तिथे पुन्हा फेरी मारावी लागली. येत्या रविवारी प्लेटला व्हॅक्यूमच्या पाइपचं तोंड बसवतो.