पाइप स्प्रिंग: झऱ्यावर बांधलेला किल्ला

सकाळी आई-बाबांबरोबर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जुना नवाहो पूल पायी ओलांडला. १९२९चा हा लोखंडी पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी. गाड्या शेजारच्या १९९५च्या पुलावरून जातात. खाली साडेचारशे फुटांवर कोलोरॅडो नदी. पूल व्हायच्या आधी वरच्या अंगाला लीज फेरी, म्हणजे नदी ओलांडायची नाव, होती. १९२८मध्ये ती उलटून तीन माणसं बुडाली आणि ती कायमची बंद झाली. बाबा कठड्यावरून वाकून बघत होते, आई त्यांचा शर्ट धरून.

मग व्हर्मिलियन क्लिफ्सची लाल भिंत उजव्या हाताला ठेवून कैबाब पठारावर चढलो, पलीकडे उतरलो. चढावर आरव्हीने, म्हणजे आमच्या फिरत्या घरासारख्या गाडीने, पेट्रोल अक्षरशः ढोसलं.

पण आजचा दिवस पाइप स्प्रिंगचा. १८७०च्या सुमारास मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी इथे दगडी किल्ला बांधला, तोही नेमका झऱ्यावर. समोरासमोर दोन दुमजली घरं, मध्ये चौक, भिंतींत बंदुकीसाठी फटी. घराखालून वाहणाऱ्या थंड पाण्याच्या आधाराने चीज टिकवायचं आणि सेंट जॉर्ज गावी त्यांच्या पंथाचं मंदिर बांधणाऱ्या मजुरांना पाठवायचं. १८७१मध्ये इथे टेलिग्राफची तारही आली. तार, चीज, गुरं, सगळं हौसेने मांडलंय.

इथले मूळ रहिवासी, कैबाब पायूट लोक, पिढ्यान्‌पिढ्या याच झऱ्यावर जगत होते. गुरांनी कुरणं संपवली, तेव्हा ज्या गवताचं बी हे लोक खात, तेही गेलं. ही बाजू संग्रहालयात आहे, पण किल्ल्याकडे धावताना ती सहज मागे पडते. मला तिथेच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

आई माणदेशातली. टँकरच्या रांगेत वाढलेली. आरव्हीतल्या टाकीचा काटा आमच्यापेक्षा तीच जास्त बघते. झऱ्याच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "अरे, विहिरीवरच वाडा बांधला, तर गावानं प्यायचं काय?" चौकातला कुणीही याहून नेमकं बोलला नसता.

१९२३मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं, त्यामागे झायन आणि ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांमध्ये फिरणाऱ्या मोटारवाल्यांना विसावा मिळावा हाही हेतू होता. म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. सावलीत बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

उद्या झायन. तिथल्या १९३०च्या बोगद्यात आमची गाडी अवघडते, म्हणून हरिकेन गावावरून जायचं. त्याआधी टाकी भरून घ्यायची.